सांडपाण्याच्या गाळातून खत: हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांसाठी

सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात रुजू झालेल्या रसायनतज्ज्ञाला किंवा अभियंत्याला कधी ना कधी वरून निरोप येतोच: "या गाळाचं खत करता येईल का, जरा बघा." पुढच्या आठवड्यात यंत्रं विकणारे माहितीपत्रकं घेऊन दारात उभे राहतात आणि जो चांगला बोलतो त्याची टाकी बसते. वर्षभराने कळतं की टाकी उत्तम आहे, पण तिच्यात पकडण्यासारखं काही येतच नाही. हे टाळण्यासाठी कामाचा क्रम कसा लावावा, ते इथे लिहितो आहे. मी स्वतः या सगळ्यातून गेलो आहे. माझं ठाम मत असं की कुठलंही यंत्र निवडण्याआधी तुमच्या प्रकल्पात स्फुरद कुठून येतो, कुठे जातो आणि कशाला चिकटून बसतो हे तुम्हाला पाठ असलं पाहिजे. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

एक अपेक्षा सुरुवातीलाच बाजूला ठेवा. वाळलेल्या गाळात साधारण ३ ते ५ टक्के नत्र आणि दीड ते ३ टक्के स्फुरद असतो, पालाश मात्र नावापुरता. पालाश पाण्यात विरघळलेला राहतो आणि शुद्ध केलेल्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे गाळापासून केलेलं कुठलंही खत "संपूर्ण खत" म्हणून विकू नका. पालाश वेगळा द्यावा लागतो, हे वापरणाऱ्याला आधीच सांगा.

१. आधी जिवाची काळजी

गाळाच्या टाक्या, विहिरी आणि बंद चेंबर यांत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. घातक गोष्ट पुढची आहे: हवेतलं प्रमाण दशलक्षात शंभरच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. म्हणजे वास गेला म्हणून धोका टळला असं समजून माणूस आत उतरतो आणि जीव गमावतो. वर चार वायूंचा डिटेक्टर, हवा खेळवणारा पंखा, दोरी-हार्नेस आणि पहारा देणारा माणूस असल्याशिवाय कोणीही, कितीही घाईत, कुठल्याही टाकीत उतरायचं नाही. आत कोणी कोसळलं तर त्याच्यामागे तसंच उतरायचं नाही. अशा अपघातांत वाचवायला गेलेलेही पुष्कळदा मरतात.

नमुने घेताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवा. धनुर्वात आणि हिपॅटायटिस ए यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. जंतांची, विशेषतः गोलकृमीची अंडी गाळात आणि मातीत कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं तग धरतात, त्यामुळे वाळलेला जुना गाळसुद्धा निर्धास्त हाताने उचलू नका.

२. हे हाताशी ठेवा

कागद:
- आवक आणि जावक पाण्याचे वर्षभराचे अहवाल. एकूण स्फुरद आणि विरघळलेला स्फुरद वेगवेगळे तपासलेले हवेत
- रोजच्या गाळाच्या नोंदी: किती घनमीटर, त्यात घन पदार्थ किती टक्के
- रसायनांच्या खरेदीच्या नोंदी: फेरिक क्लोराइड, तुरटी, चुना, पॉलिमर
- गटाराला जोडलेल्या कारखान्यांची, दवाखान्यांची आणि धुलाई केंद्रांची यादी
- पाइपांचा आराखडा. कागदावर आधी ठरवलेला नको, पाइप प्रत्यक्षात जसे बसवले तसा हवा
- तुमच्या देशातला खतांचा कायदा आणि गाळाच्या वापराचे नियम

साधनं: सामू मोजायचा मीटर आणि त्याची बफर द्रावणं, फॉस्फेट व अमोनिया मोजायची सोय, ०.४५ मायक्रॉनचे फिल्टर, १०५ अंशांचा ओव्हन, ५५० अंशांची मफल भट्टी, जार टेस्टचं यंत्र, नाजूक वजनकाटा, कंपोस्टसाठी लांब दांड्याचा थर्मामीटर.

यादीतल्या रसायन-खरेदीच्या नोंदींकडे नवे लोक दुर्लक्ष करतात. माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा कागद तोच आहे. कारण पुढे येईलच.

३. स्फुरदाचा जमाखर्च मांडा

समजा, रोज १०,००० घनमीटर सांडपाणी येतं आणि त्यात लिटरमागे ६ मिलिग्रॅम स्फुरद आहे. म्हणजे दिवसाला ६० किलो स्फुरद आत आला. प्रकल्पात स्फुरद काढण्याची व्यवस्था नीट चालत असेल, तर त्यातला सुमारे ९० टक्के, म्हणजे ५४ किलो, गाळात उतरतो. गाळ डायजेस्टरमध्ये (हवाबंद टाकीत) कुजवला आणि सेंट्रिफ्यूजमधून काढला की जे पाणी निथळतं, ते पुन्हा प्रकल्पाच्या तोंडाशी सोडलं जातं. हे निथळ पाणी दिवसाला ६० घनमीटर असेल आणि त्यात लिटरमागे १५० मिलिग्रॅम फॉस्फेट-स्फुरद (फॉस्फेटच्या रूपातला स्फुरद) असेल, तर तिथे सापडले फक्त ९ किलो. उरलेले ४५ किलो घट्ट गाळातच बसलेले आहेत.

आता कोणी "आमचं यंत्र ८५ टक्के स्फुरद काढतं" असं म्हणालं, की लगेच विचारा: कशाच्या ८५ टक्के? निथळ पाण्यातल्या ९ किलोंच्या ८५ टक्के म्हणजे साडेसात किलोंच्या वर थोडं. आवक स्फुरदाच्या हिशेबात ते जेमतेम १३ टक्के होतं. निथळ पाण्यातून स्फुरद काढणाऱ्या पद्धतींना ही मर्यादा असतेच. पद्धत वाईट ठरत नाही, फक्त तिच्याकडून काय मागायचं ते ठरतं. गाळाच्या राखेतून काढायचं म्हटलं तर ८० टक्के आणि त्याहून जास्त स्फुरद हाती लागू शकतो, पण त्याचा खर्च आणि पसारा वेगळाच.

हा जमाखर्च तुमच्या आकड्यांनी करा. आत आलेला आणि बाहेर गेलेला स्फुरद यांत वीसेक टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल, तर कुठेतरी नमुना चुकतो आहे किंवा फ्लोमीटर खोटं बोलतो आहे. ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

४. स्फुरद कोणी धरून ठेवला आहे?

पाण्यातून स्फुरद काढायचे दोन मुख्य मार्ग आहेत. एक, लोहाचे किंवा ॲल्युमिनियमचे क्षार टाकून तो गाळात बसवायचा. दोन, आधी प्राणवायू नसलेल्या आणि मग प्राणवायू असलेल्या टाक्यांमधून गाळ फिरवून असे जिवाणू वाढवायचे, जे स्वतःच्या शरीरात भरपूर स्फुरद साठवतात.

खत करणाऱ्याच्या दृष्टीने या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जिवाणूंनी साठवलेला स्फुरद डायजेस्टरमध्ये बराचसा सुटून पाण्यात येतो आणि तिथे त्याचे स्फटिक करता येतात. लोहाने किंवा ॲल्युमिनियमने धरलेला स्फुरद सहजी सुटत नाही. म्हणून खरेदीच्या नोंदी पाहायच्या. दरमहा टँकरने फेरिक क्लोराइड येत असेल, तर निथळ पाण्यात फारसं काही मिळणार नाही, आणि स्ट्रुव्हाइटची (स्फुरदाचे खतासारखे स्फटिक पाडण्याची) टाकी बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. गाळाचा वास कमी करायला किंवा बायोगॅसमधला सल्फाइड दाबायला डायजेस्टरमध्ये लोह टाकत असतील, तरी परिणाम तोच.

लोहवाल्या गाळाची वाट अगदीच बंद नाही. कुजवलेल्या गाळात लोह आणि फॉस्फेटचं व्हिव्हियानाइट नावाचं खनिज तयार होतं. ते चुंबकाकडे ओढलं जातं आणि त्या आधाराने वेगळं काढण्याचे प्रयोग झाले आहेत. नवख्याने मात्र तिथून सुरुवात करू नये.

५. गाळात नको ते काय आहे?

जड धातूंची तपासणी एकदा करून भागत नाही. वर्षातून निदान चार वेळा, वेगवेगळ्या ऋतूंत करा. एका बादलीतून नमुना घेऊ नका. दिवसभरात ठरावीक अंतराने थोडा थोडा गाळ काढून, मिसळून, मग त्यातला एक भाग प्रयोगशाळेला द्या.

अहवाल हातात आला की पहिल्यांदा बघा, आकडे ओल्या वजनावर आहेत की कोरड्या. ८० टक्के पाणी असलेल्या गाळात ओल्या वजनावर कॅडमियम किलोमागे २ मिलिग्रॅम दिसत असेल, तर कोरड्या वजनावर तो १० आहे. नियम बहुतेक कोरड्या वजनावर असतात. अमेरिकेच्या १९९३ च्या भाग ५०३ नियमांत उत्तम दर्जाच्या गाळासाठी किलोमागे कॅडमियम ३९, शिसं ३००, पारा १७ आणि जस्त २,८०० मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. युरोपच्या १९८६ च्या निर्देशात कॅडमियमची मर्यादा २० ते ४० आहे. यावर जाऊन निश्चिंत होऊ नका. हे जुने आणि सैल आकडे आहेत, अनेक देशांनी पुढे ते बरेच खाली आणले. तुमच्याकडची मर्यादा कोणतीही असो, त्याच्या निम्म्यात राहायचं असं स्वतःपुरतं ठरवा.

धातू एकदा गाळात आला की स्वस्तात काढता येत नाही. त्याला गटाराच्या तोंडाशीच अडवावं लागतं. म्हणून कारखान्यांची यादी. मुलामा चढवणारी एखादी कार्यशाळा साऱ्या शहराचा गाळ नासवू शकते. तपासणीत निकेल किंवा क्रोमियम अचानक चढला, तर त्या दिशेच्या चेंबरांमधले नमुने घेत मागे मागे जा.

धातूंखेरीज पीएफएएस गटाची टिकाऊ रसायनं हा आता मोठा प्रश्न झाला आहे. न चिकटणाऱ्या भांड्यांचे लेप, आग विझवायचा फेस अशा गोष्टींतून ती येतात आणि कंपोस्ट करून नष्ट होत नाहीत. अमेरिकेतल्या मेन राज्याने याच कारणाने २०२२ मध्ये शेतात गाळ पसरण्यावर बंदी घातली. तुमच्या गटारक्षेत्रात विमानतळ, अग्निशमन प्रशिक्षण केंद्र किंवा कापडावर जलरोधक प्रक्रिया करणारा कारखाना असेल, तर ही तपासणी करून घ्याच.

६. वाट ठरवा

गाळ स्वच्छ आहे, जवळपास शेती आहे, जागा भरपूर आहे: कंपोस्ट. जैविक पद्धतीने स्फुरद काढता, डायजेस्टर आहे, निथळ पाण्यात लिटरमागे शंभराच्या वर फॉस्फेट-स्फुरद आहे: स्ट्रुव्हाइट. गाळ दूषित आहे किंवा शेतात टाकायला कायद्याने मनाई आहे, आणि शहर मोठं आहे: जाळून राखेतून. निथळ पाण्यात अमोनिया भरमसाट आहे आणि आसपास गरम पाण्याची किंवा वाफेची वाया जाणारी उष्णता आहे: अमोनिया उडवून गंधकाम्लात पकडायचा आणि अमोनियम सल्फेट करायचं. २५ अंशांना सामू ९.२५ असला तर निम्माच अमोनिया वायुरूपात असतो, त्यामुळे सामू किंवा तापमान, नाहीतर दोन्ही, बरंच वर न्यावं लागतं. उष्णता फुकट नसेल तर या वाटेला जाऊ नका.

७. स्ट्रुव्हाइट: आधी एका लिटरमध्ये करून बघा

स्ट्रुव्हाइट म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे एकास एकास एक प्रमाणातले स्फटिक. त्यात १२.६ टक्के स्फुरद, ५.७ टक्के नत्र आणि ९.९ टक्के मॅग्नेशियम असतं. तुमच्या प्रकल्पात हे बहुधा आधीपासून तयार होतच असतं: पाइपांच्या कोपरांत, पंपांच्या पंख्यांवर, सेंट्रिफ्यूजच्या तोंडाशी चढणारा पांढरा, दगडासारखा थर. पाणी खळखळलं की कार्बन डायऑक्साइड उडतो, सामू वाढतो आणि स्फटिक बसतात. बर्लिनच्या वास्मान्सडोर्फ प्रकल्पात अशाच तुंबलेल्या पाइपांवर उपाय शोधताना तिथल्या जलसंस्थेने स्फटिक मुद्दाम आणि हव्या त्या टाकीत पाडण्याची पद्धत बसवली आणि पुढे ते खत म्हणून विकलं. तुमच्याकडे पाइप तुंबत असतील, तर दुरुस्तीवर होणारा खर्च हिशेबात धरा. पुष्कळदा खताच्या विक्रीपेक्षा तीच बचत मोठी असते.

चाचणी अशी करा:

अ) ताजं निथळ पाणी घ्या आणि त्याच दिवशी वापरा. रात्रभर ठेवलं तर बाटलीतच स्फटिक पडतात आणि आकडे बिघडतात.

आ) थोडं पाणी ०.४५ मायक्रॉनमधून गाळून फॉस्फेट, अमोनिया, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम मोजा. कॅल्शियम विसरू नका. ते मॅग्नेशियमपेक्षा जास्त झालं, तर स्ट्रुव्हाइटऐवजी कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक चिखल मिळतो.

इ) मॅग्नेशियमचा हिशेब करा. लिटरमागे १५० मिलिग्रॅम फॉस्फेट-स्फुरद म्हणजे ४.८ मिलिमोल. त्याच्या १.२ पट मॅग्नेशियम द्यायचं, तर स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) लिटरला सुमारे १.२ ग्रॅम लागेल. पाण्यात आधीच असलेलं मॅग्नेशियम यातून वजा करा.

ई) सहा भांड्यांत सामू ७.५ ते ९ पर्यंत चढता ठेवा, सावकाश ढवळत अर्धा-पाऊण तास थांबा, मग गाळून उरलेला फॉस्फेट मोजा. बहुतेक ठिकाणी ८ ते ८.५ वर काम भागतं. आणखी चढवलं तर कॉस्टिक सोडा जास्त लागतो आणि स्फटिक इतके बारीक पडतात की पाण्याबरोबर वाहून जातात. मोठ्या टाकीत कॉस्टिकऐवजी नुसती हवा फुंकूनही सामू चढतो.

उ) पडलेले स्फटिक उघड्या हवेत किंवा फार तर ४० अंशांवर वाळवा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये टाकले तर पाणी आणि अमोनिया दोन्ही उडून जातात आणि उरतो तो स्ट्रुव्हाइट नसतो.

ऊ) वजन केलेले स्फटिक आम्लात विरघळवून नत्र, स्फुरद, मॅग्नेशियम मोजा. तिन्ही वरच्या टक्क्यांच्या जवळ आले तर ठीक. नत्र कमी आलं, तर एकतर जास्त तापवलं किंवा कॅल्शियम फॉस्फेट मिसळलं आहे.

४.८ मिलिमोलपैकी ८५ टक्के स्फुरद पडला, तर लिटरला एक ग्रॅम, म्हणजे घनमीटरला एक किलो स्ट्रुव्हाइट. वरच्या उदाहरणात रोज साठेक किलो. अमोनियाकडूनही फार अपेक्षा ठेवू नका: १५० मिलिग्रॅम स्फुरदाबरोबर जेमतेम ६८ मिलिग्रॅम नत्र जातं, आणि निथळ पाण्यात ते कित्येक शेकडो मिलिग्रॅम असतं.

८. कंपोस्ट करायचं असेल तर

दाबून पाणी काढलेल्या गाळात २० ते २५ टक्के घन पदार्थ असतात. तो इतका चिकट असतो की हवा शिरत नाही, आणि कर्बाच्या मानाने नत्र जास्त असतं. लाकडाचे तुकडे किंवा तसाच खडबडीत, कोरडा माल आकारमानाने दुपटी-तिपटीने मिसळा. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० आणि ओल ६० टक्क्यांच्या आत आणा. नुसता बारीक भुसा घातला तर ओल शोषली जाते, पण पोकळी राहत नाही.

तापमान हाच रोगजंतू मारण्याचा पुरावा असतो. अमेरिकी नियमांप्रमाणे खालून हवा देणाऱ्या ढिगात किंवा बंद पात्रात ५५ अंश सलग ३ दिवस, आणि उलथायच्या लांब राशीत ५५ अंश १५ दिवस, त्यात किमान ५ वेळा उलथणं. फसगत होते ती ढिगाच्या बाहेरच्या थरामुळे: मध्ये ६५ अंश असताना कडेला ३५ असू शकतं. न उलथायच्या ढिगावर तयार कंपोस्टचा फूटभर थर पांघरा आणि थर्मामीटर कडेलाही खुपसा. कच्चा गाळ उचललेल्या लोडरच्याच बकेटने तयार माल हलवू नका, सगळी मेहनत एका फेरीत फुकट जाते. दर घाण्याची तापमानं लिहून ठेवा. त्या वहीशिवाय तपासनीसासमोर तुमचं म्हणणं टिकणार नाही.

आणखी एक: कुजताना सेंद्रिय भाग कमी होतो, धातू तितकेच राहतात. म्हणजे गाळाच्या हिशेबात किलोमागे धातू वाढतात. मिसळलेल्या लाकडाच्या तुकड्यांमुळे ते विरळ होतात, पण चाळणीत लाकूड परत काढून घेतलं की पुन्हा वर. तपासणी तयार मालाचीही करा.

९. राख

इथे थोडक्यात. गाळ एकटाच जाळला पाहिजे. कोळशाबरोबर किंवा सिमेंटच्या भट्टीत जाळला, तर स्फुरद इतका विरळ होतो किंवा सिमेंटमध्ये अडकतो की पुन्हा मिळत नाही. नत्र धुरात जातं. राख तशीच शेतात टाकू नका, तिच्यातला स्फुरद पिकाला सहज मिळत नाही आणि धातू मात्र एकवटलेले असतात. हा स्फुरद आम्लाने किंवा उच्च तापमानावर क्षारांबरोबर प्रक्रिया करून मोकळा करावा लागतो. जर्मनीने २०१७ च्या गाळविषयक आदेशाने १ लाखाहून अधिक लोकसंख्या-तुल्य (म्हणजे तितक्या माणसांच्या सांडपाण्याइतका भार पेलणाऱ्या) क्षमतेच्या प्रकल्पांना २०२९ पासून आणि ५० हजारांहून अधिक क्षमतेच्यांना २०३२ पासून स्फुरदाच्या पुनर्प्राप्तीची सक्ती केली. त्यामुळे तिथे याच वाटेवर जास्त काम चाललं आहे. यंत्रणा अजून नसेल तर राख वेगळी, कोरडी साठवा, इतर कचऱ्यात मिसळू नका.

१०. शेतात जाताना

प्रयोगशाळा स्फुरद मूलद्रव्य म्हणून सांगते, खताच्या पिशवीवर तो फॉस्फरस पेंटॉक्साइड म्हणून छापतात. दोहोंत २.२९ चा गुणक आहे. स्ट्रुव्हाइटचे १२.६ टक्के पिशवीवर सुमारे २९ होतात. इथे घोळ झाला, तर मात्रा दुपटीहून जास्त चुकते.

स्ट्रुव्हाइट पाण्यात फार कमी विरघळतं, मुळांजवळच्या आम्लात हळूहळू सुटतं. आम्लधर्मी जमिनीत ते चांगलं लागू पडतं. चुनखडीच्या, जास्त सामूच्या जमिनीत, विशेषतः मोठ्या दाण्यांचं, फार मंद चालतं. म्हणून माती परीक्षणाचा अहवाल आल्याशिवाय माल देऊ नका, आणि रोपाला सुरुवातीला लागणारा थोडा विद्राव्य स्फुरद वेगळा द्यायला सांगा.

कंपोस्टमधलं सेंद्रिय नत्र पहिल्या वर्षी दहा टक्क्यांच्या आसपासच पिकाला मिळतं, नुसत्या कुजवलेल्या गाळातलं विसेक टक्के. नत्राची गरज पुरी करायची म्हणून ढीगच्या ढीग टाकले, तर स्फुरद गरजेच्या कितीतरी पट साचतो आणि पावसात ओढ्या-तळ्यांकडे वाहतो. मात्रा स्फुरदावर ठरवा आणि नत्राची तूट दुसऱ्या खताने भरा. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना गाळाचं कंपोस्ट द्यायचं, ते नियमात स्पष्ट परवानगी असेल तरच.

पिशवीवर निदान एवढं छापा: उगम (सांडपाण्याचा गाळ, हे लपवू नका), घाण्याचा क्रमांक आणि तारीख, नत्र-स्फुरद-पालाशाचे टक्के, स्फुरद कोणत्या रूपात मोजला आहे, धातूंच्या तपासणीची तारीख, योग्य सामूची जमीन आणि एकरी कमाल मात्रा. प्रत्येक घाण्याचा किलोभर नमुना बंद बरणीत, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून, किमान वर्षभर प्रयोगशाळेत ठेवा.